खुनानंतरचा चहा

आमच्या सुमनआत्याकडे रविवारी दुपारी चहा मिळतो तो खुनानंतर. आधी घसा कितीही कोरडा पडो, ती उठत नाही. "अजून कुणी मेलं नाही, गप्प बस," असं पाहुण्याला सांगणारी अख्ख्या पंचवटीत ती एकटीच असावी.

आत्या गणिताची निवृत्त शिक्षिका. वय पंच्याहत्तर. नाद एकच, जुने कृष्णधवल इंग्रजी रहस्यपट. भर पावसात हॅट घालून सिगारेट ओढणारे पुरुष, कधीच खरं न बोलणाऱ्या देखण्या बायका आणि जिन्यावर लांबच लांब सावल्या. शेवटची दहा मिनिटं उरली की ती सिनेमा थांबवते आणि चिठ्ठ्या वाटते. प्रत्येकाने खुन्याचं नाव लिहायचं, तिनेही. नुसतं नाव चालत नाही. "हेतू लिही, हेतू! पायऱ्यांशिवाय उत्तराला मार्क नाहीत." मी नवी चप्पल घालून गेलो तरी चष्म्यावरून बघते, "हेतू?"

पूर्वी दहा-बारा माणसं जमायची. पण दर वेळी आत्याच जिंकायची. आतोबा होते तोवर ते हसत हरायचे. ते गेले आणि हरायला येणारेही कमी होत गेले. गेलं वर्षभर आम्ही दोघेच, मी आणि खालच्या मजल्यावरचे निकमभाऊ. शनिवारी आत्याचा फोन यायचा. "येणार ना?" असं ती विचारायची नाही. "लाडू केलेत, मुंग्या लागतील," एवढंच.

मी मात्र हौसेने जायचो, कारण वर्षभर मीच जिंकत होतो. चिठ्ठ्या वाटताना आत्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची, "एवढ्या पावसात वकिलाचा कोट कोरडा कसा बाई?" आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायचा. बायको म्हणायची, "आमटीत मीठ नाही ते कळत नाही तुम्हाला, आणि खुनी कळतो!" मी तिला मनातल्या मनात क्षमा करायचो.

निकमभाऊंवर असल्या पुटपुटण्याचा परिणाम शून्य. सिनेमा कुठलाही असो, त्यांचं उत्तर ठरलेलं. "फौजदारच! दुसरं कोण?" हेतू, "लय गोड बोलतो." वर्षभर हरले. शेवटी एकदा म्हणाले, "बाई, पुढच्या रविवारी येतो, पण त्यानंतर काय जमायचं नाय. दिंडोरीला द्राक्षबागेची छाटणी, मग फवारण्या."

"बाग आधी," आत्या म्हणाली आणि रिकाम्या कपात बराच वेळ चमचा फिरवत राहिली.

त्या रविवारी मी अर्धा तास आधीच पोहोचलो. दार नुसतं लोटलेलं. आत्या एकटीच सिनेमाचा शेवट बघत होती. पडद्यावर एक पोलीस इन्स्पेक्टर केलेल्या खुनाची कबुली देत होता.

"आत्या! तू आधी बघून ठेवतेस?"

"कुठे थांबवायचं ते नको ठरवायला?"

"म्हणजे खुनी तुला माहीत असतो. मग तुझ्या चिठ्ठीत वर्षभर चुकीची नावं... आणि तो वकिलाचा कोट..."

"पहिल्यांदा जिंकलास ना विनू, तेव्हा सोमवारीच फोन केलास, पुढचा सिनेमा कुठला म्हणून. त्याआधी फक्त दिवाळीला यायचास."

माझ्या बुद्धिमत्तेचं असं शवविच्छेदन झाल्यावर मी खुर्चीत बसलो.

"निकमभाऊ काही केल्या ऐकत नाहीत," टीव्ही बंद करत ती म्हणाली. "आठवडाभर शोधलं, तेव्हा कुठे एक खुनी फौजदार सापडला."

तीनला निकमभाऊ आले. सिनेमा, खून, चहा, चिठ्ठ्या. आत्याने लिहिलं, स्वयंपाकीण. मी लिहिलं, माळी. इन्स्पेक्टर कबुलीला लागला तसे निकमभाऊ ताडकन उठले.

"बोललो नव्हतो! बाई, बोललो नव्हतो? लय गोड बोलत होता!"

जिना उतरतानाच त्यांनी फोन लावला. "बापू, रविवारी छाटणी नाय. सोमवारी ये. अरे, मला काम असतंय रविवारचं!"

आत्या कठडा धरून ऐकत उभी होती. खाली दार लागलं तरी हलली नाही.

"विनू," ती हळूच म्हणाली, "त्या सिनेमात माळी कुठे होता रे?"