कोनाचे नावावर हाय?

तांडेलभाऊंना बारशाला बोलावलं, की पाळण्यात डोकावण्याआधी ते जन्मदाखला मागत. देवळात नेलं, तर हात जोडण्याआधी पुजाऱ्याला विचारत, "ही जागा कोनाचे नावावर हाय?" पुजारी म्हणे, देवाच्या. त्यावर भाऊ शांतपणे म्हणत, "मंग देवाचा सातबारा दाखवा."

हा माणूस वर्तकनगरात वीस वर्षं आमच्या समोरच्या दारात राहिला, आणि मी वेडी झाले नाही, याबद्दल मला कुणीतरी शाल-नारळ द्यायला हवा होता. ठाण्याच्या खाडीकाठचे कोळी, नोकरी जमिनीच्या कचेरीत, लग्न केलेलं नाही. कचेरीत छापील मराठी बोलत. आमच्या दारात आले, की घरचं.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे पहिला फ्रिज आला. मी त्याला हळदकुंकू लावून पेढे वाटले. बाकीच्यांनी पेढा घेतला, भाऊंनी पावती मागितली. पावती ह्यांच्या नावावर होती. "म्हंजे वयनी, फ्रिज तुमचा नाय. तुम्ही निस्त्या बाटल्या भरनाऱ्या." पुढचे दोन दिवस मी नवऱ्याशी बोलले नाही आणि बाटल्याही भरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उकडायला लागलं म्हणून समेट केला.

मुलं मोठी झाल्यावर मी घरातूनच वधूवर सूचक केंद्र काढलं. नाव 'जुळवाजुळव'. चष्म्याला साखळी लावून मी पत्रिका चाळत बसे आणि स्वतःला फार मोठी बाई समजे. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या मुलाने, परागने, वेबसाइट करून दिली. त्याचे डोंबिवलीला कॉम्प्युटरचे क्लास होते. अमेरिकेतले मुलगे आता थेट आपल्याकडे, या कल्पनेनेच मी हवेत. कार्डं छापली, 'जुळवाजुळव डॉट कॉम'. भाजीवालीलासुद्धा दिलं. साइट परागच्या कॉम्प्युटरच्या पोटात असते आणि रविवारी क्लास बंद, म्हणजे तिलाही सुट्टी, असं मी बरेच महिने धरून चालले होते. एका आईला तसं फोनवर सांगितलंसुद्धा.

भाऊंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. पुढचा प्रश्न तुम्हाला ठाऊकच आहे.

परागला विचारलं तर तो म्हणाला, "काकू, साइटचं नाव नोंदवायचा फॉर्म भरताना पटकन मालक म्हणून माझंच नाव टाकलं. काय फरक पडतो?" मलाही पडत नव्हता. घरचाच मुलगा. पण भाऊ ऐकेनात. "साइट म्हंजे घर, वयनी. नाव म्हंजे जमीन. घर तुमचा, जमीन पोराची. उंद्या त्यानं जमीन विकली तं?" मी म्हटलं, भाऊ, कचेरी कचेरीतच ठेवून येत जा.

परागने क्लासची जागा मोठी केली तेव्हा सत्यनारायण घातला. आम्हाला बोलावणं होतं, आणि भाऊ म्हणाले, मीही येतो. मला वाटलं, प्रसादासाठी. पराग सोवळ्यात, हातात प्रसादाची वाटी, आणि भाऊंनी पिशवीतून तीन कागद काढले. हे नाव मी या बाईंसाठी नोंदवलं असून मालकी त्यांची आहे, असं मराठीत आणि खाली इंग्रजीत. तीन प्रती. शिऱ्याचं तूप लागलेल्या बोटांनी परागने सह्या केल्या. सगळे बघत होते. मैत्रिणीचा चेहरा पाहून मला टेबलाखाली जावंसं वाटलं. परतताना भाऊंशी एक शब्द बोलले नाही. त्या दिवाळीत आमच्याकडून त्यांना फराळही गेला नाही. ते मात्र दर खेपेसारखी सुक्या जवळ्याची पुडी दाराला अडकवून गेले.

वर्षभरात परागला परदेशी नोकरी लागली. जाताना त्याने क्लास विकला, खुर्च्या-टेबलांसकट, आणि त्याने नोंदवलेल्या सगळ्या साइटच्या नावांसकट. माझंही त्यातच गेलं. एका सकाळी कल्याणहून एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. साइटवर नंबर वेगळाच होता आणि कुणी पुरुष मुलीचा फोटो मागत होता. चाळीस मुलींची माहिती त्यांच्या आईबापांनी माझ्या शब्दावर दिली होती.

भर वैशाखात बेसनाचे लाडू घेऊन मी समोरच्या दारात उभी राहिले. आता ऐकून घ्यायची तयारी होती. भाऊंनी लाडू बाजूला ठेवले. ट्रंकेतून तुपाचे डाग पडलेला कागद काढला आणि म्हणाले, "दुसरी प्रत बी हाय. घाबरू नका."

नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेत बसून त्यांनी, साइटची नावं नोंदवणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीला पत्र लिहवून घेतलं आणि कागद फॅक्स केला. नवा मालक आधी गुरगुरला, मग सही बघून गप्प झाला. मुलींची माहिती त्याने त्याच आठवड्यात साइटवरून काढून टाकली. नाव माझ्या नावावर व्हायला महिना गेला. ते झालेलं बघायला आम्ही पुन्हा त्या कॅफेत गेलो, तेव्हा भाऊ कॅफेवाल्याला हळूच म्हणाले, "आता माझा दाखव."

पडद्यावर आलं, 'चांगुणा डॉट कॉम'. खाली एकच ओळ, काम चालू आहे.

"ही कोण चांगुणा?" मी डोळे बारीक केले. धंद्याची सवय.

"बापाची होडी. आयचं नाव दिल्लं होतं." मग खुर्ची पडद्याजवळ ओढली. "खाडीवर आमची जागा होती. होडी लावायची, म्हावरा सुकवायचा. आज्याच्या आज्यापासून. भराव टाकायला आलं तवा सायबानं कागद मागितला. बाप म्हनाला, खाडीला इचारा." ते जरा हसले. "कागद नव्हता, वयनी."

साइटवर काय घालणार, असं मी विचारलं. काही नाही, म्हणाले, जागा असू दे. मग नोंदणीचा फॉर्म उघडायला लावून एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. मालकानंतर कळवायचं कुणाला, तो रकाना.

"इथं तुमचं नाव टाकू? माझ्यामागं कोन नाय."

मी कॅफेवाल्याला माझं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट.

गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा मीही 'जुळवाजुळव' सोडून दिलं. त्या नावावर आता कुणीतरी गाद्या विकतं. भाऊंना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. 'चांगुणा'ची मुदत संपत आली, की दरवर्षी मला पत्र येतं, आणि दरवर्षी मी ती वाढवून घेते. पान उघडून बघते. काम चालू आहे.