पाच ओळी आणि एक चिमणी

जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचा एक नियम होता. मशीन दुरुस्तीला टाकायचं तर आधी एक कार्ड भरायचं. त्यावर आयुष्यातले सर्वांत आवडते पाच गेम लिहायचे आणि प्रत्येक गेमसमोर, तो कोणाबरोबर खेळलात ते. कार्ड भरल्याशिवाय तो स्क्रू ड्रायव्हरला हात लावत नसे. माणूस काय खेळलाय ते कळल्याशिवाय कुठलं बटण झिजलंय ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. भरलेली कार्डं तो भिंतीवर टाचून ठेवी. वाट बघणारी गिऱ्हाइकं ती वाचत आणि एकमेकांच्या आवडीला नावं ठेवत.

चष्म्याच्या दुकानाचे मालक माळ्यावर सापडलेलं लहानपणचं मशीन घेऊन तिथे गेले, तेव्हा त्यांना कार्ड भरायला पाऊण तास लागला. अकरा वर्षांपूर्वी बायको पसंत करायला त्यांना वीस मिनिटं पुरली होती. 'गोगलगाईंची शर्यत' तिसरी ठेवावी की चौथी, यावर त्यांनी दोनदा खाडाखोड केली. 'पूल बांधा' आधी कापला, मग त्याची दया आली म्हणून परत घेतला. शेवटी समाधानाने सही ठोकून ते दुकानात परतले आणि दुसऱ्याच्या डोळ्यांचे नंबर काढू लागले. स्वतःच्या डोळ्यांसमोर काय वाढून ठेवलंय, ते त्यांना दिसलं नाही.

मशीन आणायला बायको गेली.

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. शीर कितीही खोल लपलेली असो, तिला पहिल्या टोचणीत सापडायची. दुरुस्तीवाला आतून मशीन आणेपर्यंत तिने सहज भिंतीकडे पाहिलं आणि नवऱ्याचं अक्षर ओळखलं. भुयार: चिमणी. सात दिवे: चिमणी. गोगलगाईंची शर्यत: चिमणी. पूल बांधा: चिमणी. पाचव्या ओळीत 'चेंडू-फळी' होता. तो वाचून तिला जरा धीर आला, कारण लग्न ठरल्यावर दोघं एका गेमच्या दुकानात हाच गेम तीन डाव खेळली होती, आणि होणाऱ्या नवऱ्याला बरं वाटावं म्हणून ती तिन्ही डाव मुद्दाम हरली होती. तिने पुढे वाचलं. लिहिलं होतं: चिमणी, बहुतेक वेळा.

"वहिनी, भुयारची कॅसेट जपून न्या हं," दुरुस्तीवाला म्हणाला. "हल्ली मिळत नाही. मागे पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, ते मी पुसलेलं नाही."

कॅसेटच्या मागे लहान मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं: सगळ्यांत जास्त, चिमणी, अठ्ठ्याण्णव हजार चारशे.

घरी येईपर्यंत बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्या बहुतेक वेळांमधून उरलेल्या थोड्याशा वेळा आपल्या, हा हिशोब तिला काही केल्या पचेना. चष्मेवाले जेवायला बसल्यावर तिने मऊ आवाजात विचारलं.

"अहो, चिमणी कोण?"

चष्मेवाल्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी समोर बसलेल्या आईकडे पाहिलं. आई ताटाकडे पाहत होती.

"होती एक," ते म्हणाले.

"होती म्हणजे?"

"म्हणजे जुनी गोष्ट आहे. तू नको त्यात डोकं घालू. आमटी वाढ."

पुरुष कितीही शिकला तरी 'होती एक' या दोन शब्दांनी काय होतं, हे त्याला कोणी शिकवत नाही. चिमणी गोरी होती की सावळी, आता कुठे असते, दुकानात चष्मा करायला येते की काय, असले सगळे प्रश्न बायकोने त्या रात्रीत सोडवून टाकले. तिच्या उत्तरांप्रमाणे चिमणी देखणी होती, जवळच राहत होती आणि तिला दर सहा महिन्यांनी चष्मा लागत होता.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या चहाच्या सुट्टीत तिने नणंदेला फोन लावला.

"चिमणी वगैरे मला नाही माहीत बाई," नणंद म्हणाली. "पण लहानपणी दुपारी मी शिकवणीला गेले की हा दार लावून, पडदे ओढून खेळायचा. कधी लवकर आले तर आतून हसण्याचे आवाज यायचे. मी कडी वाजवली की सगळं गप्प."

"म्हणजे कोणीतरी असायचं."

"सरबताचे दोन पेले असायचे एवढं खरं. मी विचारलं तर म्हणायचा, दोन्ही माझेच."

"आणि आई? त्या कुठे असायच्या?"

"आई शाळेतून दमून यायची ना. तिची झोपायची वेळ ती. आई झोपलीय, आवाज करू नकोस, म्हणून मलाच ओरडायचा."

बायकोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे आई शेजारच्या खोलीत झोपलेली असताना हा उद्योग चालत होता. हे आईंना सांगायलाच हवं होतं, आणि सांगण्याची ही उत्तम संधी होती.

कारण सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. त्या बावीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी सगळी आळी त्यांना मोठ्या बाई म्हणायची. व्हिडिओ गेम या विषयावर त्यांची मतं पाठ असलेली माणसं त्या गावात शेकड्याने होती. शाळेत कोणाच्या दप्तरात गेम सापडला की तो जप्त व्हायचा आणि पालकांना बोलावणं जायचं. माळ्यावरचं मशीन खाली काढलं तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, "भंगारात द्या. पोरं बिघडतात असल्यानं." घरात पोर नव्हतं, बिघडायला फक्त त्रेचाळीस वर्षांचा मुलगा होता, पण मत ते मत.

बायको लॅबमधून दोनला सुटली ती थेट सासूबाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाई विणत बसल्या होत्या. अकरा वर्षांत सासूसुनेत भांडण असं झालं नव्हतं आणि गप्पाही झाल्या नव्हत्या. बोलणं व्हायचं ते दूध आलं का, गॅस बंद केलास का, एवढंच.

"आई, तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगते," बायको म्हणाली. "ह्यांच्या लहानपणी कोणी चिमणी म्हणून होती. तुम्ही झोपलात की ह्यांच्याकडे यायची. पडदे ओढून दोघं व्हिडिओ गेम खेळायची. तुमच्या घरात."

मोठ्या बाईंचा एक टाका सुटला.

"कोण म्हणालं?"

"ताई म्हणाल्या. शिवाय ह्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. पाच आवडते गेम, पाचही तिच्याबरोबर. ते दुरुस्तीवाल्याच्या भिंतीवर टांगलंय, अख्खं जग वाचतंय."

"पाचही?" मोठ्या बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे बायकोच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

"पाचही."

"असेल लहानपणीचं काहीतरी. मुलगी काही वाईट नसेल."

"वाईट नाही? तुम्ही असं म्हणताय? दुसऱ्याच्या घरात चोरून शिरणारी, आईच्या डोळ्यांत धूळ फेकणारी मुलगी?"

"चांगल्या घरची असेल गं. सोडून दे."

सासूबाई चिमणीची बाजू घेतायत, हे पाहून बायकोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आता तिला नुसतं सांगायचं नव्हतं, चिमणीला पार धुळीला मिळवायचं होतं.

"आणि कसला मोठा विक्रम केलाय म्हणे भुयारमध्ये. अठ्ठ्याण्णव हजार. मला नका सांगू. ह्यांनीच जिंकू दिलं असणार तिला. मुद्दाम हरणं काय असतं ते मला चांगलं माहितीय. तिला काय खेळता येतंय, दगड."

मोठ्या बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं.

"कोणी कोणाला जिंकू दिलं?"

"ह्यांनी चिमणीला."

"मशीन लाव," मोठ्या बाई म्हणाल्या.

"अं?"

"टीव्हीला मशीन लाव. आणि माझा चष्मा आण. वाचायचा नको, लांबचाही नको. मधला, हिरव्या डबीतला."

हा मधला चष्मा लेक दरवर्षी न चुकता बदलून द्यायचा आणि तो डबीतच राहायचा. बाईंना तो कशाला लागतो, हा प्रश्न अकरा वर्षांत बायकोला पडला नव्हता. तिने मुकाट्याने मशीन लावलं. मोठ्या बाईंनी उठून पडदे ओढले, कंट्रोलर हातात घेतला, अंगठे दोनदा चोळले आणि भुयार सुरू केलं.

पहिला डाव अर्ध्या मिनिटात संपला. बायको खाकरली. "गंज आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "बोलू नकोस." दुसरा डाव सहा मिनिटं चालला. तिसऱ्या डावात त्यांनी दगड चुकवले, पाण्याची टाकी फोडून खालचा मजला बुडवला, तिथल्या भिंतीत एक चोरदार होतं ते उघडलं आणि वर येताना साप मारला. बायको आधी खुर्चीच्या काठावर आली आणि मग जमिनीवर बसली. डाव एक्क्याऐंशी हजारांवर संपला.

"तीस वर्षांनी एवढं बरं आहे," मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "जिंकू दिलं म्हणे. त्याचं आयुष्यात चाळीस हजारांच्या वर कधी गेलं नाही."

बायकोने टीव्हीवरचा आकडा पुन्हा वाचला. "म्हणजे चिमणी..."

"लहानपणी माहेरी मला चिमणी म्हणायचे. मुलांत ते फक्त ह्यालाच ठाऊक." मोठ्या बाईंची मान प्रथमच जरा खाली गेली. "जप्त केलेली वस्तू तपासल्याशिवाय परत द्यायची नाही, असा शाळेत नियम होता. मीच केलेला. आता तपासायची म्हणजे लावून बघायला नको का? म्हणून हे मशीन घेतलं. घरी मुलाला सांगितलं, कुठे बोललास तर याद राख. ताईला सांगितलं नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"आणि भुयारची कॅसेट?"

"त्या पोराला म्हटलं होतं, पालकांना घेऊन ये आणि कॅसेट घेऊन जा. पालक आलेच नाहीत. मी काय करणार?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. बायकोला हसू आलं, मोठ्या बाईही हसल्या. नवऱ्यावरचा राग निघून गेला. पण राग गेल्यावर त्या जागी दुसरंच काहीतरी दुखायला लागलं, आणि ते दुखणं तिला आधीच्यापेक्षा खरं वाटलं. अकरा वर्षं आपण या बाईबरोबर एका घरात राहिलो, दुधाची आणि गॅसची चौकशी केली, आणि ह्या मायलेकांनी ही सगळी गंमत आपल्यापासून लपवून ठेवली होती. परकी चिमणी असती तर भांडता तरी आलं असतं.

"मला तुमचा हेवा वाटतो, आई," ती सरळ म्हणाली.

मोठ्या बाईंनी तिच्याकडे मधल्या चष्म्यातून नीट पाहिलं. मग त्यांनी दुसरा कंट्रोलर पुढे केला.

"डावीकडच्या भुयारातून जा. उजवीकडे सगळे नवशिके मरतात. आणि माझ्याशी खेळताना मुद्दाम हरायचं नाही."

त्यानंतरचे दोन महिने चष्मेवाल्यांना घरात काहीतरी बदललंय असं वाटत राहिलं, पण काय ते सांगता येईना. चिमणीचा विषय एकदम बंद झाला, तेव्हा ते सुटकेचा निःश्वास टाकून मोकळे झाले. मग एका दुपारी विसरलेली किल्ली न्यायला ते घरी आले, तर पडदे ओढलेले होते आणि आतून हसण्याचे आवाज येत होते. त्यांनी कडी वाजवली. सगळं गप्प झालं.

"आई झोपल्यात. आवाज करू नका," बायकोने दार अर्धवट उघडून सांगितलं. तिच्या मागे टेबलावर सरबताचे दोन पेले होते.

"दोन पेले?"

"दोन्ही माझेच."

संध्याकाळी त्यांनी हौसेने मशीन लावायला घेतलं, तर ते जागेवर नव्हतं. बटण दाबून दाबून बसलं म्हणून बायकोनेच दुरुस्तीला टाकलं होतं. येताना तेवढं घेऊन या, असं तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

चष्मेवाले दुकान बंद करून दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो आत मशीन आणायला गेला आणि त्यांनी सहज भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या कार्डाशेजारी एक नवं कार्ड होतं, बायकोच्या अक्षरातलं. खाडाखोड एकही नव्हती. भुयार: चिमणी. सात दिवे: चिमणी. पूल बांधा: चिमणी. गोगलगाईंची शर्यत: चिमणी. पाचव्या ओळीत चेंडू-फळी होता. ते तीन डाव त्यांना आठवले. तिन्ही आपण जिंकलो होतो, हेही आठवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि पुढचं वाचलं. तिथेही चिमणीच होती, आणि 'बहुतेक वेळा' असं काही लिहिलेलं नव्हतं.

"साहेब, विचारू नये, पण विचारतो," दुरुस्तीवाला मशीन काउंटरवर ठेवत म्हणाला. "ही चिमणी आहे तरी कोण?"

चष्मेवाल्यांनी दोन्ही कार्डं पुन्हा एकदा वाचली.

"आधी माझी होती," ते म्हणाले.