अंगठ्याची देखभाल व दुरुस्ती

जगातलं कुठलंही यंत्र मुळात निर्दोष असतं. त्याला माणसाचा हात लागला की दोष सुरू होतात. हे सत्य मी नेरच्या बसस्टँडसमोर चौदा वर्षं संगणक, इन्व्हर्टर, राउटर आणि (ओळखीच्यांचे) मिक्सर दुरुस्त करून मिळवलं आहे. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "भाऊ, हे आपोआप बंद पडलं." 'आपोआप' या एका शब्दावर माझं घर चालतं. आपोआप बंद पडलेल्या एका कीबोर्डातून मी पाऊण वाटी चिवडा काढला आहे (शेंगदाणे वेगळे). एका गुरुजींचा राउटर 'रेंज देत नाही' म्हणून गेलो, तर तो चोरीला जाऊ नये म्हणून लोखंडी कपाटात कुलूप घालून ठेवलेला. एका घरी धूळ बसू नये म्हणून सीपीयूवर ऐन मे महिन्यात गोधडी पांघरली होती आणि तो फार तापतो अशी तक्रार होती. ही माणसं गावाला चांगली म्हणून माहीत आहेत. माझं त्याबद्दल वेगळं मत आहे.

माझ्या वहीप्रमाणे शंभरातले एकाहत्तर बिघाड नुसतं बंद करून चालू केल्यानं जातात. मात्र मध्ये तीस आकडे मोजावे लागतात. एवढंच एक काम मी गिऱ्हाइकावर सोपवतो आणि तेच त्याच्याच्यानं होत नाही. सात-आठवर आले की बोट बटणाकडे जातं. डॉक्टर, वकील, गुरुजी, सगळे सारखे. तीसपर्यंत पोचलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

या अनुभवाच्या जोरावर मला एक पोटकंत्राट मिळालं. रेशन दुकानांतल्या अंगठ्याच्या मशीनची देखभाल एका मोठ्या कंपनीकडे होती; तिनं ती मधल्या कंपनीला दिली आणि मधलीनं मला. मशीन तळहाताएवढं असतं. कार्डवाल्यानं त्यावर अंगठा ठेवायचा. कार्ड काढताना घेतलेल्या ठशाशी तो जुळला तर हिरवा दिवा, मग धान्य. न जुळला तर लाल दिवा, मग घर. सलग तीन महिने लाल लागला तर नाव यादीतून कमी. म्हातारा असो, लेकुरवाळी असो, मशीन कुणाची भीड धरत नाही. असा निःपक्षपाती कर्मचारी मी कुठल्याच कार्यालयात पाहिलेला नाही.

कंपनीनं मला एक बिघाड निवारण पत्रक दिलं. ते इथे जसंच्या तसं देतो:

१. मशीन बंद करून चालू करावे.
२. काच मऊ फडक्याने पुसावी. (फडके कंपनी पुरवणार नाही.)
३. राउटरची वायर काढून, फुंकर मारून, परत लावावी.
४. तरीही जमत नसल्यास मशीन उंच जागी न्यावे.
५. दुकानदाराने स्वतःचा अंगठा लावून पाहावा. हिरवा दिवा लागल्यास मशीन चांगले आहे.
६. मशीन चांगले असल्यास दोष वापरणाऱ्यात आहे. तो दुरुस्त करून घ्यावा.

सहावं कलम वाचून मला भरून आलं. चौदा वर्षं मी जे घसा फोडून सांगत होतो, ते कुणीतरी अखेर छापलं होतं.

आता सोनबर्डीची हकिकत. सोनबर्डी कुठल्या तालुक्यात आहे ते सांगत नाही. सांगितलं की बाकीच्या तालुक्यांना वाटतं, आपल्याकडे असं काही नाही.

ते साल बोंडअळीचं होतं. अळीनं कपाशीची बोंडं आतून खाल्ली, त्यामुळे ती नीट फुटलीच नाहीत. कापूस कवचाला चिकटून बसला. तो बोटांनी उकरून काढावा लागायचा आणि वाळल्या बोंडाची टोकं बाभळीच्या काट्यासारखी लागायची. वेचणीची मजुरी किलोवर, आणि किलो काही भरत नव्हता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सोनबर्डीच्या दुकानात मशीन नवीनच बसलं आणि पहिल्याच महिन्यात शंभरातले अडतीस अंगठे लाल निघाले. तालुक्याच्या कार्यालयात बोंडअळीची फाईल एका टेबलावर होती आणि अंगठ्याची दुसऱ्या. मधे पाण्याचा माठ होता. त्यामुळे दोन्हींचा काही संबंध असेल असं कुणालाही वाटलं नाही.

त्या अडतिसांत कौसल्याबाई मुनेश्वर होत्या. वय पंचावन्नच्या आसपास, स्वतःचं शेत नाही, दुसऱ्यांचा कापूस वेचून पोट भरायचं. घरात त्या आणि अंथरुणाला खिळलेली सासू. कार्डावर दोघींची नावं, पण दुकानापर्यंत चालू शकणारा अंगठा एकच. नोव्हेंबरचं धान्य त्या अंगठ्यानं गमावलं होतं. डिसेंबरात पुन्हा लाल दिवा लागला तेव्हा दुकानदार पुंडलिकरावांनी मला बोलावलं.

मी पत्रकाप्रमाणे सुरुवात केली. मशीन बंद केलं आणि बाईंना म्हणालो, "मावशी, तीस आकडे मोजा." त्यांनी मोजले. मोठ्यानं, सावकाश, एकही न गाळता तीसपर्यंत, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी थोडा गडबडलो, कारण सहसा कुणी तिथवर येत नाही. चालू केलं, लाल. काच पुसली, लाल. वायरीत फुंकर मारली, लाल. कलम चार म्हणून मशीन, मी, पुंडलिकराव आणि बाई पाण्याच्या टाकीवर चढलो. तिथून तीन गावं दिसली. दिवा लालच होता.

मग कलम पाच. पुंडलिकरावांचा अंगठा पाहण्यासारखा आहे. गुलाबी, गुबगुबीत, रेषा अशा की छापखान्यात काढाव्यात. त्यांची एकवीस एकर कपाशी आहे, पण त्या कपाशीला हा अंगठा जन्मात लागलेला नाही. वेचायला कौसल्याबाई जातात. पुंडलिकरावांनी तो टेकवला मात्र, हिरवा दिवा!

"पाह्यलं?" पुंडलिकराव म्हणाले. "मशीनले काई झालं नाई. तुहाच आंगठा खराब हाये."

"मंग सही घ्या न," कौसल्याबाई म्हणाल्या. "मले सही येते."

येत होती, आणि त्याला पुरावाही होता. पंचवीस वर्षांपूर्वी साक्षरतेचे वर्ग आले होते. अंगठा लावणं ही शरमेची गोष्ट आहे, असं तेव्हा साहेबांनी गावाला बजावून सांगितलं होतं. दिवसभर रानात राबून कौसल्याबाई कंदिलाशी बसल्या. आपल्या नावातला 'ल्या' जमायलाच त्यांना दीड महिना लागला. जमला तेव्हा प्रमाणपत्र मिळालं. ते अजून घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी टांगलेलं आहे. सरकारनं आधी त्यांना अंगठा सोडायला शिकवलं आणि आता सही सोडायला शिकवत होतं. शिक्षणाला अंत नाही म्हणतात ते उगीच नाही.

"मावशी, सही खोटी करता येते," मी त्यांना समजावलं. "अंगठा जन्माचा असतो."

"जन्माचा होता, भाऊ," त्या म्हणाल्या. "मंग कापूस वेचला न."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. लोक कीबोर्डात चिवडा सांडतात तेही मी समजू शकतो, पण स्वतःच्या अंगठ्याची इतकी हेळसांड? मी अहवालात लिहिलं: 'मशीन सुस्थितीत. वापरणारी नादुरुस्त.'

असे अहवाल सगळीकडून गेले असावेत, कारण आठवड्यात कंपनीची पुरवणी आली: 'अंगठ्याची देखभाल व दुरुस्ती'. अंगठा कोरड्या, थंड व धूळमुक्त जागी ठेवावा. माती, दगड, विळा, राख, भांडी व कापूस यांच्याशी संपर्क टाळावा. रोज कोमट पाण्यात बुडवून तेल लावावे. एकवीस दिवस वापर करू नये. (अंगठ्याच्या मालकाने त्या काळात काय खावे, ही बाब पुरवणीच्या कक्षेबाहेर होती.)

त्यापाठोपाठ शाळेत अंगठा निदान शिबिर झालं. मंडप, माइक, नारळ, सगळं होतं. एकशे चौसष्ट माणसं आली. शिबिराची नावनोंदणी अंगठा लावून होती. त्यामुळे एकशे एकोणीस जणांची नोंदणीच होऊ शकली नाही. उरलेल्या पंचेचाळिसांची कसून तपासणी झाली आणि सगळ्यांचे अंगठे उत्तम निघाले. शिबिर शंभर टक्के यशस्वी झाल्याचं माइकवरून जाहीर करण्यात आलं. टाळ्या वाजवण्यात मीही होतो.

कौसल्याबाई मंडपाच्या दोरीबाहेर उभ्या होत्या. मी त्यांना पुरवणी वाचून दाखवली.

"एकवीस दिस हात घरी ठेवू?" त्या म्हणाल्या. "ऐन वेचणीत? अन् बुढीले चारू काय?"

"जानेवारीत लाल लागला तर नावच जाईल, मावशी. मग दोघींचं कायमचं जाईल."

त्यांनी विचार केला. मग माझं ऐकलं. गिऱ्हाईक ऐकत नाही ही माझी जन्माची तक्रार, हिनं ऐकलं. एकवीस दिवस त्या रानात गेल्या नाहीत. भांडी शेजारच्या शकुबाईनं घासली, भाकरीही तीच द्यायची, दोन असल्या तर एक. कौसल्याबाई रोज कोमट पाण्यात अंगठा बुडवून बसायच्या आणि दिवस मोजायच्या. मोजणं त्यांना जमायचंच.

जानेवारीत त्या दुकानात आल्या तेव्हा अंगठा धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला होता. उघडला. मी तर बघतच राहिलो. भेगा नाहीत, टोचल्याची खूण नाही, रेषा न् रेषा वर आलेली. एवढी चोख दुरुस्ती मी माझ्या दुकानात कधी केलेली नाही. मला अभिमान वाटला आणि मीच म्हणालो, "ठेवा."

लाल.

पुन्हा ठेवला. लाल. तिसऱ्यांदाही लालच.

मी कंपनीला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा असं करत अर्ध्या तासानं एक साहेब मिळाले. त्यांनी पलीकडे बाईंचा मूळ ठसा उघडला आणि गूढ उकललं. कार्डाचं शिबिर नऊ वर्षांपूर्वी भरलं होतं तेही वेचणीतच. तेव्हाच्या ठशात तीन चिरा आणि एक सुजलेला फोड होता. मशीनच्या दृष्टीनं कौसल्याबाई म्हणजे त्या तीन चिरा आणि तो फोड. आज आणलेल्या अंगठ्यावर यातलं काहीच नव्हतं.

"ही अनधिकृत दुरुस्ती झाली," साहेब म्हणाले. "अंगठा मूळ स्थितीत आणायला सांगा."

"म्हणजे?"

"म्हणजे जसा होता तसा."

हे बाईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं की मावशी, पुन्हा वेचायला जा, पण टोचायचं ते चारच ठिकाणी, आणि नऊ वर्षांपूर्वीच्याच जागी. सांगताना माझा आवाज चांगला स्पष्ट होता. पुंडलिकराव तांदळाच्या पोत्याकडे पाहू लागले.

कौसल्याबाईंनी फडकं परत अंगठ्याला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "हात फुटला तवा मी नाई. बरा झाला तवाबी मी नाई. मंग मी हावो तरी कवा, भाऊ?"

पत्रकाची सहा कलमं आणि पुरवणीची अकरा, सगळी मला पाठ होती. यावर एकही नव्हतं. मला लाज वाटली, हे मी कबूल करतो. ती मी अहवालात लिहिली नाही, कारण तिथे रकाने दोनच होते: मशीन आणि वापरणारा.

नाव फेब्रुवारीत कमी झालं. सोनबर्डीतली सगळीच लाल नावं कमी झाली आणि त्यामुळे उरलेल्या यादीत लाल दिव्याचं प्रमाण शून्य टक्क्यांवर आलं. मला उत्कृष्ट देखभालीचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते दुकानात, स्क्रूड्रायव्हरच्या फळीवर लावलं आहे.

नाव कमी केल्याची नोटीस कौसल्याबाईंना द्यायला पुंडलिकरावांबरोबर मीच गेलो होतो. आत सासू खोकत होती. नोटीस मिळाल्याची पोच घ्यावी लागते. पुंडलिकराव सवयीनं मशीन काढायला लागले, पण पोचेच्या कागदावर तळाशी छापलं होतं: 'येथे सही करावी.' कौसल्याबाईंनी पेन घेतला. सावकाश, ओळ न सोडता, 'ल्या' नीट जोडून सही केली. ती कार्यालयात बिनतक्रार मान्य झाली.

आता आपल्याबद्दल. आपण आपला अंगठा एकदा पाहून घ्यावा. बहुतेकांनी तो एव्हाना पाहिलाही असेल. तो कुठल्याही मशीनला चालेल याची मी लेखी हमी देतो. पुंडलिकरावांचा चालतो त्याच कारणानं. अंगात जो सदरा आहे, त्याच्या कापसाला तो कधी लागलेला नाही.

आणि हे वाचून आत कुठे कसंतरी झालं असेल, तर घाबरू नये. हा किरकोळ बिघाड आहे. पुस्तक बंद करावं, डोळे मिटावेत आणि तीस आकडे मोजावेत. पूर्ण तीस मोजणारी आमच्या भागात एकच बाई निघाली. बाकीच्यांना सात-आठवरच बरं वाटतं.