निमकरबाईंची मोटर आणि मंगळवारची माहिती

आमच्या नळाला सकाळी पाण्याआधी माहिती येते आणि ती सगळीच्या सगळी तिसऱ्या मजल्यावरच्या निमकरबाई मोटर लावून ओढतात, हे मी गच्चीवर उभी राहून तिसऱ्यांदा सांगितलं. त्यावर निमकरबाई म्हणाल्या की मोटर त्यांची, वीजबिल त्यांचं, आणि तळमजल्यावरच्यांनी नळाला कान लावून बसायची सवय आता सोडावी.

"कान लावायलाच नगरपालिकेने नळ दिलाय," मी म्हटलं. "तुमची पिंपं भरायला नाही."

पालिकेचे कनिष्ठ अभियंता घरत आमच्या दोघींच्या मध्ये उभे होते. पाणी आणि माहिती ही दोन्ही खाती त्यांच्याकडेच, म्हणून मीच त्यांना पायऱ्या चढवून वर आणलं होतं.

पद्धत सरळ आहे. नागरिकांना सगळं कळावं आणि त्यांनी कारभारात भाग घ्यावा म्हणून पालिकेने ही जोडणी दिली. सकाळी आधी माहिती येते. कुठला रस्ता खणणार, कुठला दिवा हलवणार, ते ऐकायचं. मग नळाच्या तोंडाशी वाकून आपलं मत सांगायचं. इमारतीतलं एक जरी मत पोचलं तरी सगळ्यांना पाणी सुटतं. ज्याला माहिती मिळाली नाही त्याचं मत मात्र नळ घेत नाही, नुसता फुसफुसतो. मला हे योग्यच वाटतं. न ऐकता बोलणारी माणसं आमच्या घराण्यात पुष्कळ होती, त्यांचं पुढे काय झालं ते मी पाहिलंय.

पहिल्या वर्षी काय उत्साह होता. "आली गं, माहिती आली" अशी हाक उठायची आणि बायका ओल्या केसांनी धावायच्या. अंदाजपत्रक सुटलं त्या दिवशी एवढा दाब होता की माझी मोरीतली बादली उलटली. मे महिन्यात माहितीची टंचाई व्हायची, टँकर मागवावा लागायचा. एकदा टँकर शेजारच्या शहराचा निघाला आणि महिनाभर आम्हाला त्यांच्या गटारांची खडान्खडा माहिती होती. आम्ही त्यावरही मतं दिली. त्यांची गटारं आता छान वाहतात.

मोटर बसली आणि खाली थेंब यायला लागले. मंगळवारी माझा नळ खोकला आणि त्यातून एवढंच पडलं, "तळ्याकाठचं वाचनालय". मग हवा. मग "हरकती शुक्रवारी पाण्याआधी". पुढे कोरडा ठाक. त्या वाचनालयात बसून मी पन्नाशीत अक्षरं शिकले, शिळ्या वर्तमानपत्रांवर, कोणी शिकवायला नसताना. आणि आज शुक्रवार होता.

घरतांनी निमकरबाईंना विचारलं की मंगळवारची माहिती शिल्लक आहे का. त्यांनी गच्चीवरच्या आपल्या पिंपांची झाकणं उघडून दाखवली.

"बुधवारची आल्यावर मंगळवारची ओतून दिली," त्या म्हणाल्या. "शिळी माहिती घरात कोण ठेवतं?"

जिन्यात जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ताजं आलं की शिळं ओततात, ही रीत आहे, आणि रीतीशी माझं भांडण नव्हतं.

"पण ओतायच्या आधी ऐकली तरी का?"

"ऐकायला वेळ कुठे आहे, आजी? मोटर लावायची, पिंपं भरायची, डबे करायचे."

"मग मत काय देता?"

"चालेल म्हणते. चालेल म्हटलं की पाणी लगेच येतं."

घरत गंभीर झाले. त्यांनी समजावून सांगितलं की याचा अर्थ वाचनालयाबद्दल आमच्या इमारतीचं मत 'चालेल' असं पोचलेलं आहे, आणि आज पाणी सुटलं की ते कायम होईल. त्याआधी एखादा माहितगार रहिवासी हरकत घेऊ शकतो. पण माहितगार पाहिजे. कोणी आहे का, असं त्यांनी जिन्याकडे बघून विचारलं. कोणीच नव्हतं. खालून दुसऱ्या मजल्यावरच्या खरोट्यांचा निरोप आला की ते अंगाला साबण लावून उभे आहेत, तेव्हा आजींना म्हणावं, काय ते चालेल म्हणा आणि संपवा.

मी निमकरबाईंना विचारलं, ओतली कुठे? त्यांनी बोट दाखवलं. कठड्याजवळच्या कुंडीत त्यांचा कढीपत्ता होता, दोन दिवसांत हातभर वाढलेला, असा तरारलेला की बघत राहावं.

मी एक डहाळी तोडली. घरत म्हणाले, कुंडीतून आलेली माहिती ग्राह्य धरता येते, मात्र पान धुतलेलं नसावं. मी न धुता चावलं. आधी कडवट लागलं, मग एकदम सगळं आलं, स्वच्छ, पुऱ्या दाबाने: वाचनालय पाडणार, जागेवर गाड्यांचा तळ करणार, आजवर हरकत एकही नाही. माझ्या तळपायापासून झिणझिण्या आल्या. इतक्या दिवसांनी पोटभर माहिती मिळाली होती. मी धडाधड म्हणून दाखवली. घरतांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणाले.

मग निमकरबाईंनीही एक पान तोंडात टाकलं. झाड त्यांचंच होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत चावलं. मोटर लावल्यापासून त्यांना कळलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

"असं आहे होय," त्या म्हणाल्या. "पण आजी, खरं सांगू का, मला पटतंय. आमच्या निखिलची गाडी रोज रस्त्यात उभी असते, काच दोनदा फुटली. आणि त्या वाचनालयात येतं कोण? तुम्ही आणि चार म्हातारे."

जिन्यातून दोघातिघांनी हात पुढे केले, पानं तोडली, चावली. कोणी गाड्यांच्या बाजूने बोलायला लागलं, कोणी वाचनालयाच्या. एकाला दोन्ही एकावर एक बांधावंसं वाटत होतं. कुंडीत काड्या राहिल्या. घरतांचा चेहरा फुलला होता. एवढा सहभाग त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता, असं ते मला मागाहून म्हणाले. खाली खरोटे ओरडत होते. निमकरबाई गच्चीवरच्या नळाकडे निघाल्या, त्यांचं 'चालेल' आता ऐकून-सवरून दिलेलं असणार होतं, आणि त्याला मी नाव ठेवू शकत नव्हते. पण माझे पाय त्यांच्यापेक्षा आधी पोचले. मी नळाच्या तोंडाशी वाकले.

मी जे बोलले त्यानंतर पाणी सुटलं, तेही आवाज न करता.

"ठमाबाई गावंड, तळमजला, माझी हरकत आहे: वाचनालय पाडायच्या आधी मला तिथे आलेली अक्षरं माझ्या डोक्यातून एकेक काढून घेऊन जा, मी दार उघडं ठेवून बसते."