चिंचेत घासलेल्या शिवराया

मी एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही. यंदा ठरवलं होतं, सांगलीच्या नाणेसंग्राहक मंडळात पहिली बाई म्हणून नाव लावायचं. साठ सभासद, सगळे पुरुष. बायका पोह्यांपुरत्या. अध्यक्ष वीरधवलराव फोनवर म्हणाले, "प्रदर्शनाला या की ताई. संग्रह बघू, मग सभासदत्वाचं बोलू."

माझ्याकडे एकवीस शिवराया. तांब्याचं हे जुनं नाणं जितकं काळं तितका त्याला मान, त्यामुळे संग्राहक त्याला पाणीसुद्धा लावत नाहीत. हे मी अख्ख्या साताऱ्याला सांगितलं होतं. सासूबाईंना तेवढं सांगायचं राहिलं.

प्रदर्शनाच्या सकाळी अंघोळ करून आले, तर सासूबाई मोरीपाशी आणि पंच्यावर एकवीस शिवराया लखलखीत!

"आई, हे काय केलंत?"

"घासल्या की चिंचंनं. लय काळ्या झालत्या. चार लोकांत आसल्या न्यायच्या व्हय? लोक म्हंतील, साळूबाईच्या घरात चिंच न्हाई."

संधिवाताच्या बोटांनी दोन तास घासत बसल्या होत्या. बोलणार काय, कपाळ? वर नवं लुगडं नेसून यायलाही तयार. सांगलीच्या एसटीत मी नाण्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले, शेजारी त्या.

वीरधवलरावांनी माझा डबा उघडला आणि लगेच मिटला.

"म्हणूनच आम्ही बायकांना घेत नाही. तांबं दिसलं की लाव चिंच."

मागचे सगळे मयताला आल्यासारखे माना हलवत होते. मला रडूच यायला लागलं. झालं, गेलं सभासदत्व. मी डबा पिशवीत टाकला आणि सासूबाईंना शोधलं, तर त्या अध्यक्षांच्याच टेबलापाशी त्यांची काळीभोर शिवराई नाकाला लावून उभ्या.

"आवं दादा, ह्येला बुटाचं पॉलिश कुनी लावलं?"

"काहीतरीच काय! ठेवा ते खाली."

"आमचं मालक पल्टनीत हुतं. सुट्टीवर आलं की त्यांचं बूट म्याच करायची. ह्यो वास मला झोपंत बी कळंल."

असं म्हणून त्यांनी नाणं पदराला घासलं. पदर काळा झाला आणि शिवराई माझ्या नाण्यांसारखीच लखलखीत निघाली.

पोह्यांचा ट्रे घेऊन आलेल्या अध्यक्षांच्या पत्नी मंगलवहिनी थबकल्या. "अगंबाई, ही तर मी दिवाळीत घासलेली. तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. परत काळी कधी केलीत?"

 कवठे महांकाळच्या एका सभासदांनी हळूच आपल्या डब्यावर रुमाल टाकला. पाठोपाठ आणखी चार रुमाल पडले. माझा जीव असा काही भांड्यात पडला की मी हसतच सुटले.

वीरधवलरावांनी स्वतः रजिस्टर काढलं. "या ताई, करा सही. आणि आजींनाही घ्या. असली पारख आपल्याच बाजूला असलेली बरी."

लगेच ठराव झाला. पानावर दोनच ओळी रिकाम्या होत्या आणि पेन माझ्या हातात होतं. पण सासू शेजारी उभी असताना सुनेनं आधी सही करायची? आमच्याकडे नाही चालत. मी पेन पुढं केलं. "आई, आधी तुम्ही." वाटलं, म्हणतील, तूच कर गं.

त्यांनी पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं: साळूबाई, नवऱ्याचं नाव, आडनाव, मुक्काम मेढा, तालुका जावळी, जिल्हा सातारा. दोन्ही ओळी संपल्या.

मंडळाची पहिली बाई त्या. मी दुसरी, तीही समासात.