वजाबाकीचा प्रोसेसर

"यातून काय कमी करता येईल?"

कॉम्प्युटरच्या दुकानात शिरून बूड टेकायच्या आत त्यानं हा प्रश्न विचारला. माणूस तसा सज्जन हो, पण कारखान्याच्या खरेदी विभागात जन्म गेलेला. समोर कोटेशन आलं की त्यातली एक तरी वस्तू खोडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एकदा कँटीनच्या खुर्च्या घेताना त्यानं खुर्च्यांचे हात वजा करून घेतले होते. तिथले कामगार अजून हाताची घडी घालून बसतात. सगळे त्याला वजाबाकी म्हणायचे आणि त्याला वाटायचं, कौतुकानं म्हणतात.

या वेळची खरेदी घरची होती. त्याचे वडील, अण्णा, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं कायमचं बंद केलं. तेव्हापासून अण्णा गॅलरीत बसायचे आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गिअर चुकला म्हणून सुस्कारे टाकायचे. जेवण निम्म्यावर आलं, बोलणं तर थांबलंच. सुनेला ते बघवेना. तिनं कॉम्प्युटरवर बस चालवायचा एक खेळ शोधून काढला. ते ऐकून अण्णा कितीतरी दिवसांनी हसले आणि त्यांनी आपल्या जुन्या कंडक्टरला लगेच फोन लावला, "मास्तर, रविवारी या. गाडी काढतोय!"

सुनेनं नवऱ्याला बजावलं होतं, "आत ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर आणा. असल्या साध्या खेळाला तेवढं पुरतं, वेगळं कार्ड लागत नाही. आणि कृपा करून तिथं डोकं लावू नका."

पण दुकानदारानं दोन खोकी पुढं ठेवली आणि वजाबाकीचं डोकं आपोआप लागलं.

"वेग दोन्हींचा सारखाच," दुकानदार म्हणाला. "याच्यात ग्राफिक्स आहे, याच्यात नाही. हा स्वस्त पडेल."

"ग्राफिक्स म्हणजे करतं काय?"

"चित्र तयार करतं."

"चित्र तर मॉनिटरवर दिसतं ना? मॉनिटर आहे आमच्याकडे."

"अहो साहेब, पण..."

"मग एका कामाला दोन माणसं कशाला? बिनग्राफिक्सचा द्या."

"ऐकून तरी घ्या. त्याला वेगळं कार्ड..."

"आलात ना कार्डावर! मला ठाऊकच होतं, तुम्ही काहीतरी गळ्यात मारणार."

दुकानदारानं हात टेकले. वजाबाकीनं जाता जाता जोडणीचा खर्चही वजा करून घेतला, कारण बायको शिवणकाम करायची आणि तिचा हात स्थिर होता.

"मी सांगितला तसाच आणलात ना?" घरी पोचताच तिनं विचारलं.

"अगदी तसाच. थोडा आटोपशीर."

रविवारी सकाळी तिनं व्हिडिओ बघून एकेक स्क्रू बसवला. अण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून समोर तयार. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळा ठिक्कर.

"मॉनिटर गेलाय," वजाबाकीनं निदान केलं आणि धावत जाऊन शेजाऱ्यांचा मॉनिटर उचलून आणला. तोही काळा. मग वायर बदलली. तरी काळा. तोवर शेजारीबुवा मागोमाग आलेच. "तुमच्या घरात येईपर्यंत माझा मॉनिटर ठणठणीत होता," असं म्हणून ते मॉनिटरशेजारी स्टूल घेऊन पहाऱ्याला बसले. हलायला तयार होईनात.

शेवटी सुनेनं दुकानात फोन केला, तोही स्पीकरवर. तिकडून आवाज आला, "वहिनी, चित्र दाखवायचा भागच साहेबांनी काढायला लावला. मी तरी काय करू?"

सुनेनं फोन ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर नवऱ्याच्या हातात दिला. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली. मास्तर आले होते, दोन बस बदलून. "काय अण्णा, गाडी कुठाय?"

अण्णांनी मान खाली घातली. "ब्रेकडाउन आहे, मास्तर."

एवढंच बोलून ते गॅलरीकडे वळले.  वजाबाकीनं चपला घातल्या आणि तो पळत सुटला. दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं होतं, तो वाकून आत घुसला.

"आता काय कमी करू, साहेब?" दुकानदारानं विचारलं.

"माझा शहाणपणा तेवढा कमी करा, आणि तो ग्राफिक्सवाला द्या."

उघडलेला प्रोसेसर दुकानदारानं निम्म्या किमतीत परत घेतला. वजाबाकी घासाघीस न करता घरी आला.

आता पडद्यावर चित्र उमटलं. शेजारीबुवा आपला मॉनिटर पोटाशी धरून निघून गेले. जुन्या मॉनिटरवर रस्ता आला, बसही आली, पण ती आचके देत निघाली.

"घाबरू नका, थोडं ओझं उतरवू," सून म्हणाली. तिनं सावल्या बंद केल्या. पाऊस बंद केला. "हे आरसेही फार जड आहेत, तेही काढते." आरसे गेले आणि बस लोण्यासारखी चालायला लागली.

"अगं, आरशांशिवाय डेपोतून गाडी मागं कशी घेऊ?" अण्णा कळवळले. "मागचं दिसणार कसं?"

"हे बटण दाबलं की मागचं दिसतं, अण्णा."

"माझे दोन्ही हात गुंतलेत इथं!"

मास्तर इतका वेळ कोपऱ्यात बसले होते. या खेळात तिकिटं मशीन देतं, कंडक्टर नाहीच, हे बघून त्यांचा चहासुद्धा निवला होता. ते उठले, अण्णांच्या खुर्चीमागं उभे राहिले आणि त्यांनी त्या बटणावर बोट ठेवलं.

"येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं खांब आहे, सांभाळून... बास!"

मग त्यांनी चमच्यानं बशीवर दोनदा ठण ठण केलं आणि गाडी सुटली.

दुपार उलटली तरी गाडी चालूच होती. दोघं भांडत होते, घामाघूम झाले होते आणि भलतेच खूश होते. वजाबाकीचं मन मात्र त्याला खात होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड आणतो. काहीच वजा करणार नाही. पाऊस, सावल्या, आरसे, सगळं दिसेल."

अण्णांनी गाडी कडेला घेतली. मास्तरांचं बोट हळूच बटणावरून खाली आलं. ते चष्मा पुसायला लागले.

"पाऊस आण," अण्णा म्हणाले. "सावल्याही आण."

"आणि आरसे?"

"आरसे तेवढे वजा कर, बाळा."

मास्तरांनी चष्मा चढवला, घसा खाकरला आणि बशीवर दोनदा चमचा वाजवला.