मेव्हण्यासाठी केलेली वायरिंग

अर्जुनरावांच्या गाडीची सीट पुन्हा मागे सरकलेली होती. स्वतः अर्जुनराव बुटके, स्टिअरिंगला पोट टेकेल इतकं पुढे बसणारे. घरात लांब टांगांचा माणूस एकच, बायकोचा धाकटा भाऊ प्रीतम. भोसरीत नोकरी लागल्यापासून तो चिंचवडला बहिणीकडे उतरला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता.

"त्यानं दुसरी किल्ली बनवून घेतलीय," अर्जुनराव म्हणाले. "मी शिफ्टला गेलो की हा गाडी उडवतो."

"सीट काय, गचक्यानं पण सरकते," वर्षाली म्हणाली. "किल्ली सापडली तर मीच त्याला भोसरीत खोली बघायला सांगते. नाही सापडली, तर पुन्हा माझ्या भावाचं नाव काढायचं नाही."

अर्जुनराव चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनच्या मेंटेनन्सला होते. मशीन चालू असताना दार उघडता कामा नये, हा नियम त्यांच्या हाडीमाशी भिनलेला. त्यांनी लांबून गाडी चालू करणारा रिमोट विकत आणला आणि दुकानदार नको नको म्हणत असताना त्याच्या वायरी दारांच्या लॉकला जोडल्या. बटण दाबलं की इंजिन सुरू, चारही दारं बंद. आतून खटका वर ओढला तरी टक्कन खाली. काचाही जागच्या हलायच्या नाहीत. फक्त बाहेरून किल्लीनं उघडायचं, कारण मशीनलाही सुपरवायझरची किल्ली असतेच. मेव्हणा गाडीत बसला रे बसला की गॅलरीतून बटण दाबायचं आणि चहा संपवून सावकाश खाली जायचं, असा सगळा बेत होता.

रविवारी तळेगावला साखरपुडा होता. अर्जुनरावांनी सकाळी गाडी उघडली, धुतली आणि प्रीतम बेसावध राहावा म्हणून किल्ल्यांचा जुडगा परत वर नेऊन खुंटीला लावला. रिमोट गॅलरीच्या कट्ट्यावर तयार ठेवला. मग ओल्या बनियनवरच मागच्या सीटवर शिरून, दार ओढून घेऊन ते पुरावा शोधू लागले. सीटखाली शेंगेचं टरफल सापडलं. अर्जुनरावांना शेंगदाण्यानं पित्त व्हायचं, म्हणजे टरफल नक्कीच परकं होतं.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. टक्क. एसी फुल्लवर होता, तोही भसाभस वाहू लागला.

पैठणी सावरत वर्षाली खाली आली. "म्हटलं गाडी जरा गार करून ठेवावी. अगंबाई, तुम्ही आत काय करताय?"

"रिमोट आण," अर्जुनराव काचेला तोंड लावून ओरडले.

"तो गॅलरीत राहिला. आणि घराचं दार मी ओढून घेतलंय. जुडगा तुमच्याकडंच आहे ना?"

जुडगा वर खुंटीवर होता आणि घराची किल्ली त्याच जुडग्यात होती. अर्जुनरावांना शहारा आला, तो नुसत्या एसीचा नव्हता.

सोसायटीचे चेअरमन मारुतराव काठी टेकत आले. गावठाणातले जुने गृहस्थ. त्यांनी काचेतून निरखून पाहिलं.

"मालकच हाय का ह्यो नक्की? मालक मागं कशाला लपंल?"

"आमचेच आहेत," वर्षाली ओशाळून म्हणाली.

"मंग काच फोडू का? दगड हाय इथं."

नव्या गाडीची काच. अर्जुनरावांनी कुडकुडत दोन्ही हात हलवले. भोवती माणसं जमली आणि जो तो आपापली शंका काढू लागला.

गर्दीतून प्रीतम पुढे आला. घटकाभर दाजींकडे बघत राहिला. मग त्यानं खिशातून एक नवीकोरी किल्ली काढली आणि दाराला लावली, पण फिरवली नाही.

अर्जुनरावांचे डोळे चमकले. पुरावा, तोही चारचौघांसमोर, खुद्द बायकोच्या डोळ्यांदेखत.

"दाजी," प्रीतम काचेजवळ वाकून मोठ्यानं म्हणाला, "ही तुम्हीच दिलती नव्हं मला? अडीनडीला असू दे म्हणून?"

अर्जुनरावांनी किल्लीकडे पाहिलं. मारुतरावांच्या हातातल्या दगडाकडे पाहिलं. मग सावकाश मान डोलावली.

"तुम्ही दिली होती?" वर्षाली कडाडली. "मग इतके दिवस माझ्या भावावर आळ कशाला घेत होता?"

प्रीतमचा हात किल्लीवर तसाच थांबलेला होता.

"विसरलो," अर्जुनराव म्हणाले.

मग किल्ली फिरली.